एकच भोंगा, दोन अर्थ

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसमधल्या लार्नाकाहून हेलिऑस एअरवेजचं बोइंग ७३७ अथेन्समार्गे प्रागला निघालं. विमान चढत असतानाच कॉकपिटमध्ये भोंगा वाजू लागला. केबिनमधली हवा साधारण १०,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की तो वाजतो. गोची अशी की उड्डाणाआधी फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वगैरेंची मांडणी चुकली, तर जमिनीवर वाजणारा भोंगाही नेमका याच आवाजाचा. वैमानिकांना तो दुसराच वाटला. आता ७३७ मध्ये दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे असतात. ते या अपघातानंतर सक्तीचे झाले.

मूळ कारण अगदी क्षुल्लक होतं. त्या पहाटे गळती तपासताना केबिनमधल्या हवेचा दाब सांभाळणाऱ्या पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेला गेला आणि तसाच राहिला. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा थंड करून केबिनमध्ये सतत सोडली जाते आणि शेपटाकडच्या झडपेतून हिशेबाने बाहेर जाते. ऑटोमध्ये ती झडप यंत्र सांभाळतं. मॅन्युअलमध्ये वैमानिकाने हात लावला नाही, तर ती आहे तशीच राहते. त्या दिवशी ती अर्धवट उघडी होती. एरवी विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आत ८,००० फुटांवरच्यापेक्षा विरळ हवा नसते.

उंचावरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. पण ३५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे तो रक्तात पुरेसा उतरत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. विरळ हवेत कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडतो, म्हणून जीव घाबरा होतोच असं नाही. उलट अनेकांना छान, हलकं वाटतं. नखं निळी पडलेली असतात आणि माणूस म्हणतो, मला काय झालंय? ३५,००० फुटांवर दाब एकदम गेला, तर शुद्धीत राहून काही करायला १५ ते ३० सेकंदच मिळतात.

हेलिऑसचे कॅप्टन रेडिओवर कंपनीशी बोलत होते. समोरच्या इंजिनिअरने दाबाचा स्विच ऑटोवर आहे का, असं विचारलं. कॅप्टननी उलट भलत्याच सर्किट ब्रेकर्सची जागा विचारली. चूक शोधायची ती ज्या मेंदूने, तोच आधी निकामी झाला होता. विमान ऑटोपायलटवर ३४,००० फुटांपर्यंत चढलं, अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपल्यावर कोसळलं. १२१ जण गेले.

म्हणूनच दाब जातोय असा इशारा मिळाला की वैमानिकाने आधी स्वतःचा मास्क चढवायचा, मग कारण शोधायचं. हा मास्क एका हाताने पाच सेकंदांत बसतो. दाब आवरत नसेल तर विमान झपाट्याने १०,००० फुटांवर आणायचं. प्रवाशांसाठी वरून पडणारे मास्क तेवढ्या वेळापुरतेच असतात. बहुतेक विमानांत मास्क ओढल्यावर सोडियम क्लोरेटची रासायनिक क्रिया सुरू होते आणि १२ ते १५ मिनिटं प्राणवायू मिळतो. थोडा जळका वास येतो, पिशवी फुगतेच असं नाही. त्यामुळे बिघडलाय समजून मास्क काढू नये.

२० सप्टेंबर २०१८ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये इंजिनातून हवा घेणारा स्विच सुरू करायचा राहिला. १६६ प्रवासी होते. मास्क पडले, कुणाचा घोळणा फुटला, कुणाच्या कानातून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं.

तिबेटच्या पठारावर मात्र १०,००० फुटांवर उतरायची सोयच नाही, खाली जमीनच त्याहून उंच. तिथून जाणाऱ्या विमानांत प्राणवायूचा साठा जास्त वेळ पुरेल एवढा ठेवतात आणि डोंगर टाळून खाली यायचे मार्ग आधीच आखून देतात.