लैंगिक प्रजनन आणि परिवर्तन : एका धड्याची पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या भागातल्या शाळेत हा धडा शिकवताना पिकलेले केळे आडवे कापून दाखवावे. गराच्या मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतात. बी न होऊ शकलेली ती बीजांडे असतात. आपल्या बागांतल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण 33 गुणसूत्रे असतात, आणि अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात, तिघांच्या सरळ जोड्या लागत नसल्याने धड युग्मके (नर आणि मादी प्रजननपेशी) तयार होत नाहीत. त्यामुळे केळी कंदाने, मुनव्याने किंवा टिश्यूकल्चरच्या रोपाने वाढवावी लागते आणि बागेतले प्रत्येक झाड दुसऱ्याची जनुकीय नक्कल असते. त्यातही क्वचित उत्परिवर्तन, म्हणजे एखाद्या जनुकात अचानक बदल, होते, पण जनुकांची नवी मांडणी होत नाही. लैंगिक प्रजननाने नेमके काय साधते हे कळण्यासाठी ते जिथे घडत नाही असे पीक इतक्या जवळ असणे, ही मोठीच सोय आहे.

पाठ्यपुस्तकांत मात्र पेशीविभाजन, प्रजनन, आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे विषय वेगवेगळ्या पाठांत येतात आणि त्यांना जोडणारा धागा मुलांच्या हाती सहसा लागत नाही. शास्त्रज्ञांनाही हे तुकडे वेगवेगळ्या काळी सापडले आणि ते जुळायला बरीच वर्षे गेली.

एकोणिसाव्या शतकात बहुतेकांची समजूत अशी होती की आईवडिलांचे गुण दोन रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. तसे असते, तर पिढीगणिक फरक पुसट होत गेले असते आणि नैसर्गिक निवडीला निवडायला काही उरले नसते. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने 1867 मध्ये डार्विनच्या सिद्धांतावर हाच आक्षेप घेतला. त्याचे उत्तर आदल्याच वर्षी छापून झालेले होते. वाटाण्यावरील प्रयोगांतून ग्रेगोर मेंडेल यांनी दाखवले होते की गुणांचे घटक मिसळत नाहीत, ते सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत नव्याने जुळतात. या निबंधाचे महत्त्व 1900 पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

दरम्यान एदुआर व्हान बेनेडेन यांना 1883 मध्ये घोड्यातील जंताच्या युग्मकांत गुणसूत्रे निम्मी असल्याचे आढळले, आणि त्याच दशकात ऑगस्ट वाइजमान यांनी लैंगिक प्रजननाचे कार्यच परिवर्तन, म्हणजे एकाच जातीच्या जीवांमधले फरक, पुरवणे हे आहे, असे ठामपणे मांडले. माझ्या मते या धड्याचा खरा आरंभ तिथे आहे. पुढे सटन आणि बोव्हेरी यांनी 1902-03 च्या सुमारास मेंडेलचे घटक गुणसूत्रांशी जोडले. समजात, म्हणजे एकाच जोडीतल्या, गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1931 मध्ये मक्यात दिला.

ही अदलाबदल बाजूला ठेवली, तरी प्रत्येक जोडीतले कोणतेही एकच गुणसूत्र युग्मकात जात असल्याने माणसाच्या 23 जोड्यांतून एका व्यक्तीत 83,88,608 प्रकारची युग्मके संभवतात. सुमारे 84 लाख म्हटले की मुलांना चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. तो निव्वळ योगायोग आहे, हे शिक्षकाने तिथेच स्पष्ट सांगावे.

परिवर्तन नसण्याची किंमत केळीनेच दाखवली आहे. ग्रो मिशेल ही जगाच्या बाजारातली प्रमुख जात पनामा या बुरशीजन्य मर रोगापुढे टिकली नाही आणि 1960 च्या दशकापर्यंत तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली जुनी बसराई आणि आजची ग्रँड नैन या दोन्ही त्याच गटातल्या आहेत, म्हणून जात बदलल्यासारखी वाटली तरी जनुकीय पाया फारसा रुंदावलेला नाही.

जनुकांची नवी मांडणी होते तेव्हा काय घडते, ही दुसरी बाजू कापसात दिसते. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस, संकर-4, सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रातून 1970 मध्ये दिला. बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारे जीवाणूचे जनुक घातलेल्या, संकरांना 2002 मध्ये परवानगी मिळाली. दोन शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी येते, पण घरची सरकी पेरली की झाडांची उंची, बोंडाचा आकार आणि वेचणीची वेळ यांत फरक पडतो, कारण दोन्ही पालकांची जनुके त्या पिढीत नव्याने वाटली गेलेली असतात. शेतकरी दरवर्षी नवे पाकीट घेतो त्यामागे मेंडेलचाच नियम आहे. बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर स्वपरागणाने धरलेल्या सरकीपैकी सरासरी चौथ्या हिश्श्यात ते नसते, आणि ही वाटणी संकरित झाडाच्या बोंडात सरकी धरते तेव्हाच झालेली असते.