कूटचलनातील टंचाई आणि भाव

कूटचलनाची (क्रिप्टोकरन्सीची) एकूण किती नाणी निघू शकतात यावरची मर्यादा आणि ती मर्यादा पाळली जाईल हा लोकांचा विश्वास, या दोन्हींतून त्या चलनाची टंचाई घडते. आवक घटली की भाव चढतो, हे लातूरच्या आडत बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही. कूटचलनाची गोष्ट मात्र एका जागी वेगळी पडते.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. पुढच्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही बरा झाला. देशातले तुरीचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि २०१७ च्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना क्विंटलमागे ५,०५० रुपयांच्या हमीभावापेक्षा कमी दराने तूर विकावी लागली. भाव चढला की पेरा वाढतो आणि वाढलेला माल भाव पाडतो. बिटकॉइन या कूटचलनात हे चक्र चालत नाही. त्याच्या व्यवहारांची नोंद ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत होते आणि संगणकावर कोडे सोडवून नवा ब्लॉक जोडणाऱ्याला, म्हणजे मायनरला, नवी नाणी मिळतात. भाव चढल्यावर कितीही नवे मायनर आले, तरी दर २,०१६ ब्लॉकनंतर कोड्याची काठिण्यपातळी बदलते आणि ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनीच निघतो. पेरा वाढला तरी पीक तेवढेच. २००९ मध्ये एका ब्लॉकमागे ५० नाणी मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, हा आकडा निम्मा होतो. यालाच हाविंग म्हणतात. एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत आणि शेवटचा अंश २१४० च्या सुमारास निघेल.

पण मर्यादेला आपोआप किंमत येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या आसपास आला. मर्यादा तीच होती, ओसरली ती मागणी. २०१७ मध्ये बिटकॉइनपासून वेगळ्या झालेल्या बिटकॉइन कॅशलाही २ कोटी १० लाखांचीच मर्यादा आहे, तरी त्याचा भाव मूळ नाण्याच्या पासंगालाही पुरत नाही. उलट डोजकॉइन या दुसऱ्या कूटचलनाला मर्यादाच नाही, दरवर्षी ५०० कोटी नवी नाणी निघतात, तरी त्याला गिऱ्हाईक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ती टंचाई घशाला जाणवणारी होती, कारण पाण्यावाचून चालत नाही. नाण्यावाचून कोणाचे अडत नाही. पुढे कोणीतरी जास्त भाव देईल, या अपेक्षेवर त्याची बरीचशी मागणी उभी असते.

‘नाणे काही पैशांत मिळते, म्हणजे स्वस्त आहे’ हा समज फार नुकसान करतो. एका बिटकॉइनचे १० कोटी बारीक अंश, म्हणजे सातोशी, होतात आणि तेही थोडे थोडे विकत घेता येतात. त्यामुळे एका नाण्याचा भाव एकटा काहीच सांगत नाही. त्याला एकूण नाण्यांनी गुणून पाहावे लागते. त्यातही व्यवहारात किती नाणी आहेत आणि कुलूपबंद, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत विकता न येणारी, किती, हे वेगळे तपासावे. नवे कूटचलन काढणारे काही प्रकल्प थोडीच नाणी बाजारात सोडतात आणि उरलेली प्रवर्तकांकडे ठेवतात. तोवर आवक कमी दिसते व भाव टिकतो. ठरलेल्या तारखेला कुलूप निघाले की तो साठा विक्रीला येऊ शकतो.