अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात मुलांसह कॅम्पिंग: बुकिंग, पास आणि अर्ज नेमका कुठे अडतो

सुट्टीत मुलांना घेऊन गाडीने दोन-तीन नॅशनल पार्क करायचे आणि रात्री तंबूत मुक्काम, असा बेत अनेक मराठी कुटुंबं आखतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं गाडं गेटवर किंवा त्याच्याही आधी वेबसाइटवर अडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. पार्कात शिरण्याचं शुल्क किंवा पास ही एक गोष्ट. रात्री राहण्यासाठी कॅम्पसाइटचं बुकिंग ही दुसरी. आणि काही पार्कांत गर्दीच्या दिवसांत लागणारं ठरावीक वेळेचं प्रवेश-आरक्षण ही तिसरी. 80 डॉलरचा वार्षिक पास काढला म्हणजे पहिलंच काम झालं. त्यात कॅम्पसाइटचं भाडं धरलेलं नसतं आणि त्याने वेळेचं आरक्षणही मिळत नाही. वेळेच्या आरक्षणाचे नियम तर पार्क दरवर्षी बदलतात. त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी पाठवलेल्या माहितीवर विसंबू नका, पार्कच्या सरकारी पानावर या वर्षाचा नियम वाचा.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग वेबसाइटवर खातं उघडणं, कार्डाने पैसे भरणं ही कामं सोपी आहेत. घोटाळा होतो तो तारखांचा. ग्रँड कॅन्यनचं मॅथर आणि झायनचं वॉचमन ही कॅम्पग्राउंड सहा महिने आधी खुली होतात आणि रोज पुढचा एकेक दिवस उघडत जातो. योसेमिटीचा हिशोब निराळा आहे. तिथे दर महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता, पॅसिफिक वेळेनुसार, एका महिन्याचा गठ्ठा खुला होतो. 15 जानेवारीला 15 मे ते 14 जून, 15 फेब्रुवारीला 15 जून ते 14 जुलै. हे नीट न वाचता लोक "फेब्रुवारीत जून उघडतो" एवढंच लक्षात ठेवतात. 10 जूनला जायचं असलेलं कुटुंब मग फेब्रुवारीत लॉगिन करतं, आणि ती तारीख जानेवारीतच संपलेली असते. आपली तारीख कोणत्या गठ्ठ्यात पडते ते आधी कागदावर लिहून काढा. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनमध्ये राहत असाल तर तुमच्या घड्याळात ते सकाळचे 10 असतात. पाच-दहा मिनिटं आधीच लॉगिन करून बसा, कारण उन्हाळ्याच्या तारखा बघता बघता जातात.

यलोस्टोनची गंमत वेगळीच. तिथली मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही मोठी कॅम्पग्राउंड सरकारी साइटवर नसतातच. ती पार्कमधली लॉज चालवणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या साइटवर बुक होतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर फक्त उरलेली, बहुतांशी लहान कॅम्पग्राउंड दिसतात. तिथे "जागा नाही" वाचून लोक अख्ख्या यलोस्टोनचा नाद सोडतात. ही माहिती दोन्ही ठिकाणी ठळकपणे का लावत नाहीत, याचा खरोखर राग येतो. आणखी एक, फिशिंग ब्रिजला तंबू चालत नाही. अस्वलांच्या वावरामुळे तिथे फक्त टणक भिंतींची आरव्हीच, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडीच, लागते. पैसे भरण्याआधी कॅम्पसाइट कोणत्या प्रकारची आहे आणि तुमची आरव्ही लांबीत बसते का, हे बघाच.

आता माणसांची मोजणी. योसेमिटीत एका कॅम्पसाइटवर जास्तीत जास्त सहा माणसं आणि दोन गाड्या. सहात मुलंही धरतात, कडेवरचं बाळसुद्धा. दोन मित्रकुटुंबं, चार-चार माणसं, "पोरं लहान आहेत, एका साइटवर भागवू" म्हणतात, ते इथे चालत नाही. दोन साइट घ्या, आणि शेजारच्या हव्या असतील तर नकाशावर क्रमांक बघून दोघांनी एकाच वेळी बुक करा.

बुकिंग कोणाच्या नावावर करायचं, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि तिथेच सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. ज्याच्या नावावर आरक्षण, त्याने अनेक ठिकाणी फोटो ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं असतं. नवऱ्याने ऑफिसातून आपल्या खात्यावरून बुक केलं आणि तो शनिवारी येणार, बायको मुलांना घेऊन शुक्रवारीच पोचली, की खिडकीवर अडचण होते. मागच्या सीटवर पोरं पेंगुळलेली, अंधार पडत आलेला, आणि आत बसलेला माणूस नियमावर बोट ठेवून असतो. त्याला बोलून उपयोग नाही. जो नक्की पहिल्या दिवशी पोचणार, त्याच्याच खात्यावरून बुक करा.

भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर इकडे विशेष लक्ष द्या. 62 वर्षे आणि त्यापुढच्या ज्येष्ठांचा सीनियर पास वर्षाला 20 डॉलरला आणि आयुष्यभराचा 80 डॉलरला मिळतो, आणि अनेक सरकारी कॅम्पग्राउंडवर त्याने साइटचं भाडं निम्मं होतं. पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना वय कितीही असलं तरी तो लागू नाही, आणि पासपोर्टवरची जन्मतारीख दाखवून हुज्जत घालू नका. 1 जानेवारी 2026 पासून तर अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास 250 डॉलरचा झाला आहे. शिवाय यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन यांच्यासह 11 पार्कांत, वार्षिक पास नसेल तर, 16 वर्षे आणि त्यापुढच्या बाहेरच्या पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा शुल्क आहे. इथले रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी, ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट जवळ ठेवा. फोनमधला फोटो नको, मूळ कार्डच बरं.

मूल चौथीत असेल तर एव्हरी किड आउटडोअर्स हा मोफत पास जरूर काढा. त्याच्या वेबसाइटवर मुलाने स्वतः छोटासा उपक्रम पूर्ण केला की व्हाउचर मिळतं. ते छापून न्या. मुदत मात्र नीट बघा. चौथीचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि पास पुढच्या 31 ऑगस्टपर्यंत चालतो. म्हणजे चौथी संपल्यानंतरची उन्हाळी सुट्टी त्यात येते. "आता पाचवीत गेला, संपलं" म्हणून कित्येक पालक हा पास वाया घालवतात, आणि तिसरी संपल्यावर लगेच निघालेल्यांना तो मिळत नाही. त्यावर एका खाजगी गाडीतले सगळे जण आत जातात, पण मूल गाडीत हवंच. भारतातून आलेली चौथीतली मावसबहीण यात बसत नाही, कारण पास अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्यांसाठीच आहे. कॅम्पसाइटचं भाडं अर्थातच वेगळं भरावं लागतं.

बऱ्याच पार्कांच्या गेटवर आता रोख घेत नाहीत, तेव्हा कार्ड बरोबर ठेवा. आत सिग्नल मिळेलच असं नाही, म्हणून बुकिंगचं पान आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्या. योसेमिटीत खाण्याचे डबे, टूथपेस्ट, मुलांचे बिस्किटाचे पुडे, सगळं अस्वलापासून वाचवणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. त्यात चूक झाली तर 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीत पडलेला एखादा पुडासुद्धा झोपण्याआधी काढून पेटीत टाका.

बेत बदलला तर वेळेत रद्द करा. रिक्रिएशन डॉट गव्हवर रद्द करायचे किंवा तारीख बदलायचे 10 डॉलर जातात. शेवटच्या क्षणी केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. काहीच न कळवता गैरहजर राहिलात तर 20 डॉलर आणि पहिली रात्र. मुलाला ताप आला म्हणून पहिल्या दिवशी पोचणं जमलं नाही, तर लगेच हातपाय गाळू नका. दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत साइट तुमच्यासाठी राखलेली असते. तेवढ्यात पोचा, किंवा पोचणार नसाल तर त्याआधी वेबसाइटवरूनच रद्द करा.