प्लास्मिडची वाटणी कोण करतं?

जिवाणू दुभंगतो तेव्हा गुणसूत्राची एकेक प्रत दोन्ही नव्या पेशींना मिळते. प्लास्मिडचं काय? प्लास्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेर राहणारं, बहुधा कड्यासारखं, डीएनएचं छोटं बिऱ्हाड. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिलं. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं अनेकदा याच बिऱ्हाडातून फिरतात.

पेशीत चाळीसेक प्रती असतील तर वाटणी नशिबावर सोडली तरी चालतं, एखादी पेशी रिकामी राहण्याची शक्यता नगण्य असते. (प्रती एकमेकींत गुंतल्या की हे गणित बिघडतं, पण ते असो.) ई. कोलायमधल्या एफ प्लास्मिडच्या मात्र गुणसूत्रामागे जेमतेम १-२ प्रती असतात. विभाजनाच्या वेळी ४ असल्या तरी, वाटणी नशिबावर सोडली तर, ८ विभाजनांत एकदा एक पेशी कोरी राहायला हवी. एफ प्लास्मिड त्याहून कितीतरी क्वचित हरवतं.

यामागे तीन गोष्टी आहेत: प्लास्मिडवरचा पार-एस हा खुणेचा पट्टा, त्याला चिकटणारं पार-बी हे प्रथिन आणि एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) धरणारं पार-ए हे दुसरं प्रथिन. एफमध्ये यांची नावं वेगळी आहेत, पण व्यवस्था हीच.

एटीपी म्हटलं की आपल्याला इंधन आठवतं. इथे ते इंधनापेक्षा बटणासारखं वागतं. एटीपी धरलं की पार-एची जोडी जमते आणि ती गुणसूत्राच्या डीएनएवर कुठेही बसते. प्लास्मिडवरचं पार-बी जवळच्या पार-एला पकडतं आणि त्याच्याकडचं एटीपी फोडायला लावतं. एटीपी फुटलं की पार-एची पकड सुटते. नवं एटीपी लगेच मिळालं तरी पार-ए पुन्हा डीएनएवर बसण्याजोगं व्हायला वेळ घेतं. सगळी गंमत या उशिरात आहे. तेवढ्यात प्लास्मिडच्या आसपासची जागा पार-एविना मोकळी होते. प्लास्मिड तर सतत थरथरत असतंच. ते जिकडे पार-ए अजून दाट आहे तिकडे सरकतं, तिथलंही पुसतं आणि पुढे जातं. ओढणारा दोर कुठेच नाही! जुळी प्लास्मिडं शेजारी असली, तर मधली जागा दोघं मिळून पुसतात. मग दोघांनाही पार-ए बाहेरच्या बाजूलाच सापडतं आणि ती आपोआप दूर होतात.

आर१ प्लास्मिडचा खाक्या सरळ धक्क्याचा आहे. त्याचं पार-एम हे प्रथिन आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनच्या गोतातलं. एटीपी धरून त्याचे तंतू वाढतात आणि दोन प्लास्मिडांना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतात. ज्या तंतूचं टोक प्लास्मिडला टेकलेलं नाही, तो कोसळतो.

मला मात्र पार-एचंच जास्त कौतुक वाटतं. पी१ प्लास्मिडमध्ये एटीपी फुटून एडीपी उरलं की हेच प्रथिन स्वतःच्या जनुकाच्या आरंभाशी जाऊन बसतं आणि पार-ए, पार-बीचं उत्पादन आवरतं घेतं.