इक्विटी लोन फेडताना वकिलाचा खर्च कोणाचा?

इंग्लंडमध्ये ‘हेल्प टू बाय’ या सरकारी योजनेतून इक्विटी लोन (घराच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांइतकं सरकारी कर्ज) काढून घर घेतलेल्या आपल्या लोकांत एक मेसेज फिरतो: ‘पाच वर्षं बिनव्याजी, तेवढ्यात मूळ रक्कम भरली की सुटलो, वकिलाचा खर्च सरकारचा.’

पाच वर्षं व्याज नसतं हे खरं, पण बाकीचं तसं नाही. कर्ज टक्क्यांत असतं. अडीच लाख पौंडांच्या घरावर २०% म्हणजे ५०,००० घेतले आणि घर आज तीन लाखांचं असेल, तर ६०,००० फेडायचे. त्यासाठी आजचं मूल्यांकन लागतं, तेही आपल्याच खर्चाने. शिवाय घरावर गृहकर्जाच्या बोजाखालोखाल सरकारचाही बोजा नोंदलेला असतो. तो उतरवायला सॉलिसिटर, म्हणजे वकील लागतो. त्याची फी आपणच भरायची. किंमत घसरली असेल तर रक्कम कमी होते, हे मात्र मेसेजात कधीच नसतं!

स्वतःचा करारनामा काढा, त्यातलं परतफेडीचं कलम वाचा. मालकीच्या नोंदीचा उतारा ऑनलाइन मिळतो, त्यात बोजा दिसेल. सॉलिसिटरकडून फीचं कोटेशन आधीच लेखी घ्या.