पित्त खवळणे

पित्त खवळणे म्हणजे एकदम संताप येणे, डोकं फिरणे. 'नुसतं त्याचं नाव काढलं तरी माझं पित्त खवळतं' असं आपण सर्रास बोलतो, अर्थाबद्दल वाद नाहीच. प्रश्न आहे तो पित्त या शब्दाच्या मुळाचा, त्याला 'खवळणे' का जोडलं याचा, आणि पोटातला एक कडू द्राव रागाच्या खात्यात जमा कसा झाला याचा.

पित्त हा शब्द अथर्ववेदात आलाय, म्हणजे संहितांपेक्षा, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांपेक्षा, तो बराच जुना. तिथे १८व्या कांडात अग्नीला उद्देशून 'तू पाण्याचं पित्त आहेस' असं म्हटलंय, त्यामुळे आगीशी त्याचं नातं तेव्हापासूनचं दिसतं. व्युत्पत्तीचं मात्र घोडं अडतं. सुश्रुतसंहिता (सूत्रस्थान, अध्याय २१) हा शब्द 'तप संतापे' या धातूपासून काढते, पण त्यासाठी त आणि प यांची अदलाबदल मानावी लागते आणि ते आजच्या भाषाशास्त्राला पटण्यासारखं नाही. काही जण पीत म्हणजे पिवळा याच्याशी जोडतात, तिथे दीर्घ ईचा ऱ्हस्व का झाला आणि त चं द्वित्व (दुहेरी त) कुठून आलं हे सांगावं लागतं. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात (१८९९) व्युत्पत्ती अज्ञात म्हटलीय, आणि सध्या तेच धरून चालणं बरं. तरी सुश्रुताचं म्हणणं टाकून देऊ नये, कारण वैद्यांच्या मनात पित्त म्हणजे मुळात उष्णता होती हे त्यातून कळतं, आणि आपला 'संताप' त्याच तप् धातूचा आहे.

आता खवळणे. आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांतला एखादा दोष वाढून बिघडला की त्याला प्रकोप म्हणतात, पित्तप्रकोप. हा कुप् धातू पुढे रागासाठी रूढ झाला, पण ऋग्वेदात (२.१२) इंद्राने 'प्रकुपित' पर्वत स्थिर केले असं येतं, तिथे अर्थ हलणे, खळबळणे असा आहे. मराठीत समुद्रही खवळतो आणि माणूसही, अगदी तीच जोडी. म्हणून हा वाक्प्रचार वैद्यांच्या पित्तप्रकोपाचंच बोलीतलं रूप असावा, असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं.

रागाशी संबंध संहितांमध्ये दोन्ही बाजूंनी येतो. चरकसंहितेत (सूत्रस्थान १२) मरीची ऋषी सांगतो की पित्तातला अग्नीच शौर्य-भय, क्रोध-हर्ष यांना कारण होतो, तर सुश्रुत उलट क्रोधालाच पित्त बिघडवणाऱ्या कारणांत धरतो. पित्तप्रकृतीच्या माणसाला सुश्रुत 'क्षिप्रकोपप्रसाद' म्हणतो, म्हणजे चटकन चिडणारा आणि तितक्याच चटकन निवळणारा. हा दुसरा भाग आपण बोलताना विसरतो, नुसता तापटपणा लक्षात ठेवतो. दोन्ही संहितांचा काळ नक्की नाही, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे काही शतकं इतकंच ढोबळमानाने म्हणता येतं, शिवाय दोन्हींचं नंतर फेरसंपादन झालंय.

आज घरात पित्त म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी: यकृतात तयार होणारं खरं पित्त, जळजळ करणारं पोटातलं आम्ल, आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, ज्यांवर आमसुलाचं पाणी चोळतात. रागाचा वाक्प्रचार यांतल्या कुठल्याच गोष्टीला लागू होत नाही.

ग्रीक वैद्यकातही पिवळं पित्त आणि तापट स्वभाव यांची जोडी होती, इंग्रजीतला 'कॉलरिक' हा शब्द ग्रीक 'खोले' म्हणजे पित्त यावरूनच आलाय. युनानी वैद्यकात पिवळ्या पित्तालाच सफरा म्हणतात.