एका डेस्कटॉपवर अनेक प्रणालींसाठी प्रोग्राम : मांडणीची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांत हिशेब आणि आरेखन प्रामुख्याने विंडोजवर चालते, परंतु त्यांच्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर पुष्कळदा लिनक्स सर्व्हरवर बसवायचे असते. त्यामुळे कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारे साधन), लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि पाथ (फाइलचा पत्ता) यांची जुळवाजुळव करण्यातच नव्या प्रोग्रामरचे सुरुवातीचे दिवस जातात. या खटाटोपाची मुळे बरीच जुनी आहेत.

१९७३ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत युनिक्स, म्हणजे लिनक्स पुढे जिच्या धर्तीवर घडली ती प्रणाली, सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि एकच प्रणाली निरनिराळ्या यंत्रांवर नेणे आवाक्यात आले. विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली असलेल्या डॉसची वाट मात्र निराळी होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा तिरपी रेघ (/) आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात असल्याने पाथसाठी उलटी रेघ (\) घ्यावी लागली. ओळ संपल्याची खूण म्हणून युनिक्सने एक चिन्ह ठेवले, तर डॉसने टेलिप्रिंटरच्या काळापासूनची दोन चिन्हे चालू ठेवली. विंडोजवर साठवलेली शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लिनक्सवर चालवताना, त्या आज्ञा चालवणारा बॅश हा प्रोग्राम जागेवर असूनही, ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो, तो पहिल्या ओळीअखेरच्या त्या न दिसणाऱ्या जादा चिन्हामुळे. पुढे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटलाही ओळींची ही खूण बदलून देण्याची सोय ठेवावी लागली.

१९८७ मध्ये आलेल्या जीसीसीमुळे मुक्त कंपायलर मिळाला. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीने सुरू केलेल्या सिग्विनने युनिक्सच्या हाका (प्रोग्रामने प्रणालीकडे केलेल्या मागण्या) विंडोजला समजतील अशा रूपात पोचवल्या. मात्र नवी प्रक्रिया सुरू करण्याची युनिक्सची पद्धत विंडोजमध्ये नसल्याने मोठे बिल्ड (कोडपासून पूर्ण प्रोग्राम तयार करण्याचे काम) रेंगाळत. त्याच वर्षी जावा ही भाषा आणि क्यूटी ही लायब्ररी पुढे आली; दोन्हींचा हेतू एकच प्रोग्राम अनेक प्रणालींवर नेणे हा होता. २००० पासूनच्या सीमेकने बिल्डच्या एकाच वर्णनातून मेकफाइल (युनिक्सकडील बिल्डच्या सूचनांची फाइल) किंवा विंडोजवरील व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प तयार करून दिला, आणि माझ्या मते या साऱ्यांत रोजचा त्रास त्यानेच सर्वांत जास्त वाचवला.

यानंतर भेद बुजवण्यापेक्षा संपूर्ण लिनक्सच सोबत बाळगण्याकडे कल झुकला. २००७ मध्ये एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स आले, २०१३ मध्ये प्रोग्राम त्याला लागणाऱ्या साऱ्या फाइलींसह एकत्र बांधून चालवणारे डॉकर. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजमध्ये लिनक्ससाठी जी उपप्रणाली दिली, ती आधी लिनक्सच्या हाकांचे रूपांतरच करीत असे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो मार्ग सोडून आभासी यंत्रात खरा लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) बसवण्यात आला. या मांडणीत सी ड्राइव्हवरील फाइली लिनक्समधून उघडणे संथ होते, म्हणून प्रकल्पाचा फोल्डर लिनक्सच्याच होम डिरेक्टरीत ठेवतात.